शिखर बदलले, तर दिवसही नव्याने मोजावेत

लडाखमधील स्टोक कांगरी हे शिखर बंद असल्याने त्याच नऊ दिवसांत तिथलेच कांग यात्से-२ हे शिखर करून देऊ, असे आयोजक म्हणतात. त्याला होकार द्यावा का, असे आपण विचारले आहे. तीन वर्षांपूर्वी पुण्याहून निघालेल्या आम्हा चौघांपुढे नेमका हाच प्रस्ताव आला होता. बूट, क्रॅम्पॉन (बर्फासाठी बुटाला लावायचे काटे) आणि व्यायाम यांविषयी आपल्याला ठाऊक असेलच.

६,१५३ मीटरचे स्टोक कांगरी २०२० पासून चढाईसाठी बंद करण्यात आले. पायथ्याच्या स्टोक गावाच्या पाण्याचा प्रश्न पाहता तो निर्णय मला योग्यच वाटतो. कांग यात्से-२ साधारण ६,२५० मीटर उंच आहे, म्हणजे कागदावर फरक जेमतेम शंभर मीटरचा, आणि आम्ही फसलो ते त्या आकड्यालाच. मारखा खोऱ्यातून गेल्यास स्कियू, मारखा, हांकर अशा मुक्कामांनी उंची हळूहळू वाढते. दिवस वाचवण्यासाठी शांग सुम्दोकडून गेल्यास मात्र सुमारे ५,२०० मीटरची कोंगमारू ला ही खिंड ओलांडून रात्र थेट ४,८०० मीटरवरच्या निमालिंगच्या तळावर काढावी लागते. उंचीचा त्रास टाळण्यासाठी तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, हे आम्हाला पाठ होते. पण परतीची तिकिटे काढून झाली होती आणि रजा वाढणार नव्हती.

निमालिंगला आमच्यातील एकाला रात्री उलट्या सुरू झाल्या आणि पहाटे बसल्या जागी धाप लागू लागली. त्याला तातडीने खाली न्यायचे, तर आलेल्या वाटेने आधी चारशे मीटर चढून खिंड गाठावी लागणार, हे आम्हाला तेव्हा उमगले! अखेर घोड्यावर बसवून त्याला हांकरच्या बाजूने उतरवले. तो सुखरूप आहे. शिखर मात्र चौघांचेही राहूनच गेले.

आयोजकांचे नाव घेत नाही, परंतु त्यांच्या कार्यालयाने जुन्या कार्यक्रमपत्रिकेवर केवळ शिखराचे नाव बदलले होते. कोणी आजारी पडल्यास कोणत्या वाटेने उतरवणार, असे मी निघण्यापूर्वी तीनदा विचारले, तेव्हा ‘गाइड अनुभवी आहे’ एवढेच उत्तर मिळाले. पुढे पैशांचा विषय काढला, तर बदलास संमती देणारी माझीच सही माझ्यापुढे ठेवण्यात आली. विम्याचा कागदही जुन्याच बेताचा निघाला, तेव्हा पॉलिसीतील उंचीची मर्यादा आणि दोर व क्रॅम्पॉन वापरून केलेल्या चढाईविषयीची अट आपण स्वतः वाचावी.

मी डॉक्टर नाही. उंचीच्या त्रासावरचे डायमॉक्स हे औषध घ्यावे की नाही हे, विशेषतः सल्फाची अ‍ॅलर्जी असल्यास, डॉक्टरांनाच विचारावे. माझ्या मते लेहमध्ये तीन रात्री, मारखाची लांब वाट आणि चढाईसाठी एक राखीव दिवस यांखाली तडजोड नसावी, आणि हे नऊ दिवसांत बसत नाही. रजा वाढत नसेल, तर शिखर सोडून नुसते मारखा खोरे करावे. त्यात कमीपणा काहीच नाही. निमालिंगहून उतरण्याची योजना आयोजकांकडून लेखी मागावी आणि ती हाती येईपर्यंत बदललेल्या कार्यक्रमावर सही करू नये.