पहिल्यांदा बिअर चाखणार असशील तर

भाऊ, नदीकाठच्या पबचे फोटो पाहून आपल्या नागपूरच्या नागनदीकडे वळू नको, वासानंच चव जाईल! एकवीस पूर्ण असतील तरच पुढचं वाच. पहिल्याच दिवशी मोठा मग नको. छोटे ग्लास घे नि हलकीकडून गडदकडे जा. आधी लागर, म्हणजे हलकी, साधी बिअर. मग जर्मन पद्धतीची गव्हाची. तिचा केळं-लवंगेचा वास आंबवणाऱ्या यीस्टमुळे येतो, कोणी केळं घालत नाही. शेवटी स्टाउट, म्हणजे काळी बिअर, कॉफीसारखी चव भाजलेल्या बार्लीची. फार थंडगार नको, जीभ बधिरते. आणि आयपीए, म्हणजे कडवट बिअर, झणझणीत सावजी रश्शासोबत? नको बे! हॉप्सच्या (बिअरमध्ये घालतात त्या फुलांच्या) कडूपणानं तिखट आणखी भडकतं. माझे तर कान लाल झाले होते. सावजीला लागरच बरी. मधेमधे पाणी पी, गाडी घरीच ठेव, ऑटोनं ये.