त्याने उडी कोणासाठी मारली?

"मॅडम, सिनेमातला एक सीन डोक्यातून जातच नाहीये, माझ्यात काही गडबड आहे का?" हे मी समुपदेशन करताना इतक्यांदा ऐकलंय की आता सरळ विचारते, नेमकं काय अडकलंय ते सांग, सिनेमा कुठला ते नंतर बघू.

एक तिशीतला मुलगा (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). सिनेमा १९७३चा 'द एक्झॉर्सिस्ट'. मला वाटलं भुताला घाबरला असेल, पण नाही, त्याला छळत होता शेवट. फादर कॅरस पाद्रीही आहे आणि मानसोपचारतज्ज्ञही, त्याची आई घरात एकटीच मरते, तो जवळ नसतो आणि ती बोच घेऊनच तो झपाटलेल्या मुलीसमोर उभा राहतो. शेवटी तिला खाली पाडून ठोसे मारतो, मला घे म्हणून ओरडतो, सैतान त्याच्यात शिरतो आणि तो खिडकीतून उडी मारतो.

"आईच्या वेळी नव्हता ना, म्हणून स्वतःला शिक्षा दिली त्याने. बरोबर केलं."

ते 'बरोबर केलं' मला खटकलं. "तुला मरावंसं वाटतं का?" मी थेट विचारलं. असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो हा गैरसमज आहे, उलट माणूस मोकळा होतो, तेव्हा घरच्यांनीही विचारायला कचरू नये, आणि उत्तर हो आलं तर त्याला एकटं न सोडता लगेच मदत घ्यावी. तो म्हणाला, "नाही, पण मजेत जगायचा हक्क नाही मला." आई गेली त्या रात्रीचे तिचे दोन मिस्ड कॉल, हा झोपलेला. तिचा फोन अजून रोज चार्ज करायचा, का ते त्यालाही सांगता येईना.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वळणाची ('असंच व्हायला पाहिजे' हा हट्टच माणसाला छळतो, असं मानणारी), त्यामुळे "मी उठायलाच पाहिजे होतं" मधला तो 'च' मला लगेच ऐकू येतो. पण तीन-चार भेटी त्या 'च'शी झटापट करूनही तो काही हलेना. मग एकदा सहज तोंडातून निघालं, "त्या खोलीत ती मुलगी नसती तर कॅरसने उडी मारली असती?"

तो गप्प. बराच वेळ. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती आणि मी मुद्दाम काही बोलले नाही (हे शिकायला मला बरीच वर्षं लागली). मग हळूच म्हणाला, "नसती मारली."

"का?"

"हात तिच्याकडे जात होते ना त्याचे. मग एकदम चेहरा त्याचा स्वतःचा होतो. तेवढ्यात उडी."

"म्हणजे कोणाला तरी वाचवायला. आता तू सांग, तुझ्या शिक्षेने कोण वाचतंय?"

हा प्रश्न कुठल्या पुस्तकात नाही, त्या दिवशी सुचला आणि खरं सांगायचं तर मला अजून त्याचं कौतुक वाटतं. बाय द वे, सैतान जिंकला असा अर्थ बऱ्याच प्रेक्षकांनी काढला याची खुद्द लेखक विल्यम पीटर ब्लॅटी यांनाही खंत होती, म्हणजे हा मुलगा काही एकटा नव्हता. आपण पडद्यावर आपलंच दुखणं बघतो, म्हणून "असले सिनेमे बघतोस कशाला" म्हणून काही होत नाही, तो सीन त्याच्याकडून दोन-तीनदा सांगून घ्या आणि काय गाळतोय तिकडे लक्ष द्या.

शेवटच्या भेटीत तो आपणहून म्हणाला, "मॅडम, एक राहिलंच होतं सांगायचं. तो पायऱ्यांवर पडलेला असतो, तेव्हा मित्र येऊन त्याचा हात हातात घेतो. बोटं हलतात."