पोटातला जंतू, वाढणारं बीपी आणि आरोपीचा शोध

गरोदर बायका माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा वरवरचे प्रश्न वेगवेगळे असतात, तळाशी मात्र बहुतेक वेळा एकच वाक्य सापडतं: 'माझ्यामुळे बाळाला काही होणार नाही ना?' कोणी पपई खाल्लेली असते, कोणी दिवस गेल्याचं कळायच्या आधी डोकेदुखीची गोळी घेतलेली असते, कोणी ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर सिंहगड चढून आलेली असते. या यादीत आता एच. पायलोरी नावाच्या जंतूची भर पडली आहे. ॲसिडिटीसाठी तपासण्या झालेल्या असतात, रिपोर्टवर 'पॉझिटिव्ह' असतं, आणि रात्री मोबाइलवर वाचायला मिळतं की हा जंतू असलेल्या बायकांना गरोदरपणात बीपी वाढायचा धोका जास्त. हे इतक्या जणींकडून ऐकलं की एकीची गोष्ट सांगायचं ठरवलं. तिची परवानगी आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मेघना हिंजवडीत नोकरी करणारी, राहायला धायरीला. पहिलटकरीण, चौदावा आठवडा. नवरा सोबत होता. बीपी अगदी नॉर्मल होतं, तरी झोप उडालेली.

"लग्नानंतर ॲसिडिटी वाढली म्हणून एंडोस्कोपी केली होती. त्यात तो जंतू निघाला," ती म्हणाली.

"औषधांचा कोर्स झाला?"

तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अर्धवट सोडला. तोंडात सारखी धातूची चव, वर उलट्या. नंतर घेऊ म्हटलं, आणि तेवढ्यात दिवस राहिले."

हे तिने बाळंतपणाच्या डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. शिकलेली असून असं कसं केलंस, असं त्या म्हणतील ही भीती. घरी सासूबाईंनी निकाल देऊन टाकला होता: कॉलेजात असताना एफ. सी. रोडला उभं राहून पाणीपुरी खायचीस ना, तिथूनच आलं हे.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी. माणसाला घटनेपेक्षा त्याने तिला लावलेला अर्थ जास्त छळतो, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचं म्हणणं माझ्या खोलीत तरी अजून खोटं पडलेलं नाही. पण अर्थ बदलायचा तर आधी वस्तुस्थिती टेबलावर यायला हवी. 'काळजी करू नका' या वाक्याने कोणाची काळजी कमी झालेली मी पाहिलेली नाही.

वस्तुस्थिती अशी. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये १९८२च्या सुमारास हा जंतू शोधला आणि २००५ साली त्यांना नोबेल मिळालं. जगातल्या साधारण निम्म्या माणसांच्या पोटात तो राहिलेला आहे. आपल्याकडे प्रमाण आणखी जास्त. बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. प्रीएक्लॅम्प्शिया, म्हणजे विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९०च्या वर जाणं आणि सोबत लघवीतून प्रोटीन जाणं किंवा लिव्हर-किडनीवर परिणाम होणं, हा आजार झालेल्या बायकांमध्ये हा जंतू जास्त आढळला, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. त्यातही 'कॅग-ए' हे प्रथिन बनवणारा त्याचा प्रकार. त्याच्याविरुद्ध शरीरात तयार होणारी प्रतिद्रव्यं वारेच्या पेशींनाही चिकटतात, असं प्रयोगशाळेत दिसलं. म्हणजे मेघनाने वाचलेलं अगदीच खोटं नव्हतं. पण दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असं होत नाही, आणि जंतू मारल्याने प्रीएक्लॅम्प्शिया टळतो हे अजून सिद्ध झालेलं नाही.

हे सगळं तिने शांतपणे ऐकलं आणि मान हलवली. फरक शून्य. माहितीने इतक्या लवकर फरक पडत नाही, हे मला ठाऊक होतं.

पुढच्या भेटीत मी तिला प्रीएक्लॅम्प्शियाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींची यादी लिहायला लावली. पहिलं बाळंतपण. आधीच्या खेपेला झालेला हाच त्रास. आई किंवा बहिणीला झालेला. आधीपासूनचं बीपी, मधुमेह, किडनीचा आजार. जुळी. जास्त वजन. पस्तिशीच्या पुढचं वय. आणि अगदी शेवटी, प्रश्नचिन्हासकट, हा जंतू.

"यातलं तुम्हाला काय काय लागू आहे?"

"पहिलं बाळंतपण. आणि... आईला माझ्या वेळी बीपी झालं होतं. आठव्या महिन्यात सीझर करावं लागलं."

"हे डॉक्टरांना माहीत आहे?"

"नाही. पण त्यात माझी काय चूक?"

मी काही न बोलता तो कागद तिच्यासमोर ठेवला. सबंध यादीतून तिने उचललं होतं ते सगळ्यात कच्चं कलम, कारण त्यात तिचा दोष होता. आईचं बीपी हे कितीतरी पक्कं कलम. त्यात दोष नव्हता म्हणून ते डॉक्टरांपर्यंत पोचलंच नव्हतं.

तिला अजून ते दिसत नव्हतं. ती पाणीपुरीवर आली. मी सांगितलं की हा जंतू बहुतेक वेळा लहानपणीच, घरातल्या घरात पोटात शिरतो. कॉलेजातल्या पाणीपुरीला दोष द्यायला फारसा आधार नाही.

"म्हणजे आईकडून आला?" ती ताडकन म्हणाली. मग थांबली. नवरा हसला, तीही हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

"मॅडम, मला कोणीतरी आरोपी हवाच आहे का हो? मी नाही तर पाणीपुरी, पाणीपुरी नाही तर आई."

"आरोपी सापडला तर काय होईल?"

बराच वेळ ती विचार करत होती. "चूक सापडली तर सुधारता येईल असं वाटतं. कोणाचीच चूक नसेल तर मग... मग काहीही होऊ शकतं."

हे तिचं स्वतःचं वाक्य. मी ते तिच्या तोंडात घातलं नव्हतं, आणि अशा वेळी आपल्या कामाचा थोडा अभिमान वाटतो हे लपवत नाही. अपराधीपणा छळतो खरा, पण तो हातात लगाम असल्याचा भासही देतो. 'माझ्यामुळे झालं' याची दुसरी बाजू 'माझ्या हातात होतं' अशी असते. म्हणून नुसतं 'तुझी चूक नाही' म्हटलं तर बाई आणखी घाबरते. तिच्या हातातला एकुलता एक लगाम आपण काढून घेतलेला असतो. त्या बदल्यात हातात खरंच असलेली एखादी गोष्ट द्यावी लागते.

मेघनाच्या हातात ती होती. ती डॉक्टरांकडे गेली आणि अर्धवट कोर्स, आईचं बीपी, दोन्ही सांगून आली. डॉक्टर रागावल्या नाहीत. जंतूचा इलाज बाळंतपणानंतर करू म्हणाल्या. गरोदरपणात तो सहसा पुढेच ढकलतात. पहिलं बाळंतपण आणि आईचा इतिहास पाहून त्यांनी प्रीएक्लॅम्प्शियाचा धोका कमी करण्यासाठी रोज रात्री कमी डोसची ॲस्पिरिन सुरू केली. ही गोळी सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू केली तर जास्त उपयोगी पडते. (आपल्या मनाने मात्र अजिबात घेऊ नये.) मेघना चौदाव्या आठवड्यात बोलली म्हणून ते साधलं.

घरी बीपीचं मशिन आलं. पहिल्या आठवड्यात ती दिवसभर दंडाला पट्टा बांधूनच बसलेली. आम्ही ठरवलं: सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, पाच मिनिटं टेकून बसल्यावर, आणि आकडा वहीत.

आणखी एक गोष्ट मी तिच्याकडून घरच्यांसमोर वदवून घेतली. ॲसिडिटी असलेल्या बाईच्या पोटात दुखलं की घरात ओवा, जिरं, सोडा सुरू होतं. पण विसाव्या आठवड्यानंतर छातीच्या खाली मधोमध किंवा उजव्या बरगडीखाली दुखणं लिव्हरला सूज आल्याचं लक्षण असू शकतं. असं दुखणं, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, अचानक सुजलेला चेहरा आणि हात, धाप, बाळाची कमी झालेली हालचाल यांपैकी काही असेल तर त्याच रात्री दवाखाना गाठायचा. वाहन नसेल तर १०८.

सदतिसाव्या आठवड्यात तसंच झालं. रात्री पोटात कळ आली, सासूबाई ओवा घेऊन आल्या. मेघनाने आधी बीपी मोजलं: १५४/१००. लघवीत प्रोटीन निघालं, कळा आणण्याचं औषध दिलं आणि दुसऱ्या दिवशी मुलगी झाली. दोघी ठीक.

"गोळी घेऊनही झालंच की," ती फोनवर म्हणाली. झालं. ॲस्पिरिन धोका कमी करते, शून्य करत नाही; विशेषतः सदतिसाव्या आठवड्याआधी, बाळ अपुरं असताना होणारा आजार तिने कमी होतो. यावेळी तिच्या आवाजात प्रश्न होता, पण आरोपी नव्हता.

बाळंतपणानंतर विषय संपला असं समजून बीपी मोजणं सोडणाऱ्या बऱ्याच जणी मी पाहते. या आजारात येणारे झटके (फिट) बाळंतपणानंतरही येऊ शकतात, त्यामुळे सहा आठवडे लक्ष हवं. पुढेही वर्षातून एकदा बीपी बघावं, कारण या बायकांना उतारवयात हृदयविकाराचा धोका जास्त असतो. पुढच्या खेपेला पहिल्याच भेटीत हा इतिहास सांगावा. खासगी डॉक्टर परवडत नसतील तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. २०१६पासून ही योजना सुरू आहे.

जंतूचा कोर्स मेघनाने नंतर पोटाच्या डॉक्टरांकडे जाऊन नव्याने सुरू केला. अंगावर दूध असल्याचं आणि मागच्या वेळी झालेल्या उलट्यांचं पहिल्याच दिवशी सांगितलं, तेव्हा त्यांनी औषधं बदलून दिली. जंतू गेला का हे बघायला कोर्स संपल्यावर चार आठवड्यांनी श्वासाची तपासणी आहे. त्याआधी दोन आठवडे ॲसिडिटीची गोळी बंद ठेवायची, नाहीतर रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो.