विचारा, सांगतो: लाल टोक, सोनेरी टोक

प्रश्न: काका, डिचोलीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. स्टीलची रेलिंगं, देवळांच्या दानपेट्या, असं आर्गन वेल्डिंगचं काम असतं. त्यात ज्याच्या टोकावर आर्क, म्हणजे विजेची ज्योत पेटते, तो रॉड इतकी वर्षं लाल टोकाचा टंगस्टनचा वापरला, आता दुकानदार म्हणतो सोनेरी घे. दोन्हींत 98 टक्क्यांच्या आसपास टंगस्टनच. उरलेल्या चिमटीनं एवढा काय फरक पडतो? आणि लेथच्या टूलला असतं ते कार्बाइड घालून रॉड आणखी मजबूत नाही का होणार?
– एक वाचक, डिचोली

उत्तर: ती चिमूट वाटते तेवढी लहान नाही. लाल टोकात वजनानं 2 टक्के थोरियम ऑक्साइड असतं. पण त्याची घनता टंगस्टनच्या जेमतेम निम्मी, त्यामुळे जागा मोजली तर ते 4 टक्क्यांच्या जवळ जातं. शिवाय ते चहातल्या साखरेसारखं विरघळलेलं नसतं. टंगस्टन वितळायला 3422 अंश लागतात, म्हणून त्याचे रॉड ओतत नाहीत. भुकटी दाबायची, भट्टीत तापवायची, मग ठोकून बारीक करत न्यायची. ऑक्साइडचे कण त्या भुकटीतच विखुरलेले असतात आणि शेवटपर्यंत कणच राहतात.

त्यांचं काम काय, ते मला वहीपेक्षा एका मोडक्या रॉडनं जास्त शिकवलं. जुवारीकाठी बार्ज दुरुस्तीच्या यार्डात होतो तेव्हा एका पोरानं हिरव्या टोकाचा, म्हणजे शुद्ध टंगस्टनचा रॉड स्टीलच्या कामाला लावून पांढराफटक होईस्तोवर तापवला. हातातून पडला आणि खडूसारखा तुटला. तुटलेल्या तोंडावर खडीसाखरेसारखे दाणे चमकत होते. टंगस्टन थंड असताना मुळातच ठिसूळ. त्यात उष्णतेनं मोठा दाणा शेजारच्या लहानाला गिळत जातो, आणि दोन मोठ्या दाण्यांमधली शीव आडवी आरपार गेली की रॉड तिथंच मोडतो. ऑक्साइडचा कण त्या शिवेवर पाचरीसारखा बसतो. शीव सरकत नाही, दाणे बारीक राहतात.

दुसरं काम दाण्याच्या पोटात. तापलेला धातू भाराखाली हळूहळू वाकतो तेव्हा आत अणूंची रांग चुकलेल्या जागांच्या रेघा सरकत असतात, त्यांना डिसलोकेशन म्हणतात. कोळव्याच्या किनाऱ्यावर रांपण, म्हणजे मासे धरायचं मोठं जाळं, ओढताना पाहिली असेल तुम्ही. समजा दोर वाळूवरून येताना दोन खडकांत अडकला. मधला भाग फुगून पुढं येतो, दोन्ही टोकं मागं राहतात. खडक जितके जवळजवळ, तितका जोर जास्त. धातूतल्या रेघेचंही तेच, फक्त ती सुटताना कणाभोवती एक कडं सोडून जाते, आणि मागून येणाऱ्या रेघेला वाट आणखी अवघड होते. म्हणून तेवढंच ऑक्साइड बारीक आणि सारखं पसरलेलं असेल तर उपयोग; गोळे झाले तर उलट तिथूनच भेग जाते. स्वस्त रॉडचं टोक फुटतं त्यामागं हे एक कारण असू शकतं.

याशिवाय या ऑक्साइडमुळे इलेक्ट्रॉन सहज सुटतात आणि आर्क चटकन पेटतो. सोनेरी टोकातलं दीड टक्का लॅंथेनम ऑक्साइड ही सगळी कामं करतं. मग लाल का सोडायचा? थोरियम किरणोत्सारी आहे. रॉड हातात धरल्यानं काही होत नाही, त्याचे अल्फा कण कातडीवरच अडतात. धोका चाकावर घासून टोक काढताना उडणाऱ्या धुळीचा, ती छातीत जाते. मी पावसाळ्यात शेडचं दार लावून, तोंडाला काही न बांधता, शेजारी चहाचा ग्लास ठेवून वर्षानुवर्षं लाल टोकं घासली. तुम्ही सोनेरी घ्या.

आता कार्बाइड. टूलच्या टिपेत टंगस्टन कार्बाइडचे दाणे कोबाल्टनं जोडलेले असतात. तिथं कार्बाइडच मुख्य, धातू नुसती चिकटण, आणि कोबाल्ट 1495 अंशांना वितळतो. आर्कपुढं त्याचं काय होईल ते तुम्हीच बघा. टंगस्टनला बळ द्यायला घालतात ती कार्बाइडं निराळी: टायटेनियमचं, झिर्कोनियमचं, हाफ्नियमचं, तीही थोडीशीच. हाफ्नियम कार्बाइड 3900 अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे टंगस्टन पांढरा झाला तरी हा कण जागचा हलत नाही. झिर्कोनियम-टायटेनियमचा मला जास्त आवडणारा गुण वेगळाच: दाण्यांच्या शिवांवर साचून त्यांना कमकुवत करणारा ऑक्सिजन ते स्वतःकडे ओढून घेतात. म्हणजे पाचरही तेच, झाडूवालेही तेच. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या आयटर अणुसंमीलन भट्टीत प्लाझ्मासमोरच्या, म्हणजे अतितप्त वायूसमोरच्या भागाला टंगस्टन लागतो. तसल्या जागांसाठी अशा मिश्रणांवर संशोधन चालतं. रेलिंगला ते कशाला?

प्रश्न: टोक काढताना रॉड चाकावर आडवा धरू की उभा? – तेच वाचक

उत्तर: घासल्याच्या रेघा लांबीच्या दिशेनं आल्या पाहिजेत. आडव्या रेघांवर आर्क भटकतो. आणि टंगस्टनचं चाक वेगळं ठेवा, ज्यावर लोखंड घासता त्यावर नको.