टांझानियाचे एडवर्ड लोवासा सत्ताधारी पक्ष सोडून विरोधकांचे उमेदवार कसे झाले?

लोवासा 2005 मध्ये पंतप्रधान झाले. रिचमंड कंपनीच्या वीज कंत्राट घोटाळ्यात 2008 मध्ये राजीनामा द्यावा लागला. 2015 मध्ये सत्ताधारी सीसीएम पक्षाने राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी नाकारली, तेव्हा ते थेट विरोधी चाडेमा पक्षात गेले. याच चाडेमाने पूर्वी त्यांच्यावर भ्रष्टाचाराचे जाहीर आरोप केले होते! म्हणूनच पक्षाचे सरचिटणीस विलिब्रॉड स्ला बाहेर पडले. मला स्लांचं दुःख पटतं. तरी लोवासांच्या सभांना तुफान गर्दी व्हायची. लोक फुटबॉलमध्ये खेळाडू बदलायची खूण करतात तसे दोन्ही हात गोल फिरवत ‘माबादिलिको’, म्हणजे ‘बदल’, असं ओरडायचे. मतं जवळपास 40 टक्के मिळाली, पण सीसीएमचे उमेदवार जॉन मागुफुली जिंकले. 2019 मध्ये लोवासा सीसीएममध्ये परतले. फेब्रुवारी 2024 मध्ये त्यांचं निधन झालं.