मदत, मुदत आणि खैरात

प्रश्न असा आलाय: २०१५च्या भूकंपानंतर भारताने नेपाळला 'एक अब्ज डॉलरची मदत' जाहीर केली, पण नीट वाचलं तर त्यातले २५ कोटी डॉलरच अनुदान होतं आणि उरलेले ७५ कोटी सवलतीचं कर्ज. मग कर्जाला मराठीत 'मदत' म्हणता येतं का? आणि सरकार दुसऱ्या देशांवर असा जो खर्च करतं त्याला 'परकीय मदत' म्हणायचं, 'विकास सहाय्य' म्हणायचं, की आणखी काही?

म्हणता येतं, खुशाल म्हणा. का ते सांगतो, त्यातच खरी गंमत आहे. पण आधी दोन शब्दांचा निकाल लावू, कारण ते ऐकून ऐकून कान किटलेत.

पहिला 'खैरात'. दरवर्षी १ फेब्रुवारीला बजेट आलं की परराष्ट्र खात्याचं पान उघडून कुणीतरी ओरडतंच, शेजाऱ्यांवर कोट्यवधींची खैरात! खैर म्हणजे भलं, चांगुलपणा, खैरात हे त्याचं अरबी अनेकवचन, म्हणजे पुण्यकर्मं, परत काही मिळायची अपेक्षा न ठेवता केलेला दानधर्म. आता आकडे बघा. २०२५-२६ साठी परराष्ट्र खात्याला एकूण २०,५१६ कोटी, त्यातले सगळ्या देशांना मिळून मदतीचे साधारण साडेपाच हजार कोटी, आणि केंद्राचं अख्खं बजेट ५० लाख कोटींच्या वर. हजार रुपयांत रुपयाच्या जरा वर, एवढंच. त्यातही सगळ्यात मोठा वाटा भूतानचा, २,१५० कोटी, आणि भूतानसाठीच्या तरतुदीत वर्षानुवर्षं अनुदानही असतं आणि कर्जही. चुखा जलविद्युत प्रकल्प आपण बांधून दिला तेव्हा ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज होतं, ताला प्रकल्पालाही तेच, आणि मांगदेछूपर्यंत येता येता ते उलटून ३० टक्के अनुदान आणि ७० टक्के कर्ज झालं. त्या कर्जाची फेड होते आपल्यालाच वीज विकून. आपल्याला वीज मिळते, भूतानला महसूल मिळतो आणि दिल्ली-थिंफू संबंध टिकतात. याला खैरात म्हणणाऱ्यानं ना शब्द बघितलाय ना हिशोब.

दुसरा 'सहाय्य'. असा शब्द नाही. सहाय म्हणजे मदत करणारा, त्यापासून भाववाचक नाम करताना पहिला स्वर वाढतो, म्हणून साहाय्य. अलसपासून आलस्य, चतुरपासून चातुर्य, तसं सहायपासून साहाय्य. चतुर्य लिहिलं तर तुम्ही हसाल ना? मग अर्थसहाय्य, विकास सहाय्य, केंद्रीय सहाय्य हे कसं चालवून घेता? यावर काही भाषातज्ज्ञ सांगतात की आता ते रूढ झालं, सोडून द्या. का सोडायचं? सहायक बरोबर लिहिता येतं, सहायता बरोबर लिहिता येतं, फक्त एक काना द्यायचा तेवढा जड जातो? रूढीचा आधार उच्चाराला द्या, अर्थाला द्या, पण सरकारी टंकलेखनातल्या चुकीला रूढी म्हणू नका. काना द्यायचा नसेल तर सरळ मदत लिहा, तो शब्द जास्त कसदार आहे.

सहायबद्दल आणखी एक वाद आहे. साधी व्युत्पत्ती सह + अय, बरोबर चालणारा. पण काही संस्कृत कोशकारांना वाटतं की हा मुळात सखायचा, म्हणजे मित्राचा, प्राकृत अवतार असून नंतर परत संस्कृतात घुसला. ख चा ह होणं प्राकृतात नेहमीचंच, ते मान्य. पण जिथे दोन साधी संस्कृत पदं जोडून अर्थ चोख निघतो तिथे प्राकृताला वळसा घालून यायची गरज काय? मैत्री आणि मदत एकच असं दाखवायचा मोह होतो आणि मग व्युत्पत्ती त्या बाजूला झुकवली जाते, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या सरकारलाही तो मोह होतोच म्हणा, लशी पाठवल्या तर 'व्हॅक्सिन मैत्री', तुर्कस्तानात भूकंपाला पथकं पाठवली तर 'ऑपरेशन दोस्त'.

आता मदत.

मूळ अरबी शब्द मदद. मराठीत शेवटच्या द चा त झाला, जसा पसंदचा पसंत झाला. इथवर कुठलाही कोश सांगेल. पण कोश थांबतात तिथून पुढे जा. मददचा अरबी धातू आहे म-द-द, आणि त्याचा अर्थ मदत करणं नाहीच, अर्थ आहे ताणणं, लांबवणं, पसरवणं. समुद्राला भरती येते तिला अरबीत मद्द म्हणतात, पाणी पसरत किनाऱ्यावर चढतं म्हणून. अलिफ या अक्षरावर जी आडवी रेघ देऊन स्वर लांबवतात ती पण मद्द. जमाखर्चात लांब रेघ ओढून तिच्याखाली एकेक बाब लिहायचे, त्यावरून हिंदीतला 'मद' आला, आजही हिंदी बजेटात खर्चाच्या बाबीला मदच म्हणतात. उर्दू पेपरात परदेशी मदतीला इमदाद म्हणतात, तोही याच धातूचा. आणि मदद म्हणजे मुळात काय, तर लढणाऱ्या सैन्यामागून पुढे सरकवलेली जादा फौज आणि रसद, म्हणजे आपल्या मराठीत कुमक. गंमत म्हणजे कुमक हा तुर्की शब्द फारसीत साध्या मदतीसाठी वापरतात आणि आपण तो फौजेपुरता ठेवला, आणि मदद मूळची फौजेची असून आपण तिला घरगुती करून टाकली. नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवमध्ये बंड झालं तेव्हा भारताने रातोरात छत्रीधारी सैनिक उतरवले, ते ऑपरेशन कॅक्टस, ती शब्दाच्या मूळ अर्थानं मदत होती.

पण माझा सगळ्यात लाडका भाऊबंद वेगळाच आहे. याच म-द-द पासून अरबीत मुद्दत झाला, ताणलेला, लांबवलेला काळ. तोच आपला मुदत. म्हणजे मदत आणि मुदत हे सख्खे शब्द आहेत, एकात हात लांब केलाय आणि दुसऱ्यात वेळ लांबवलीय. दोघांचा शेवटचा त मात्र वेगवेगळा हं, मुदतचा त मुळातलाच आहे, अरबी स्त्रीलिंगी प्रत्ययाचा, आणि मदतचा त आपण मराठीत द बदलून केलाय, पण आज शेजारी ठेवले तर फक्त एका उकाराचा फरक उरलाय. या घरात चुकून दुसऱ्यांना घेऊ नका. मुद्दा हा वेगळ्या धातूचा आहे, दाव्याशी संबंधित, आणि मुद्दल तर अरबी नाहीच, तो द्रविड घरातला, कानडी मोदलु आणि तमिळ मुदल यांचा नातलग.

आता तुमच्या कर्जाकडे येतो. श्रीमंत देशांच्या ओईसीडी या गटानं विकास मदतीची व्याख्या केली त्यात फुकट दिलेले पैसे तर येतातच, पण कर्ज पण येतं, अट एवढीच की त्यात काही एक हिस्सा देणगीसारखा असला पाहिजे. जुना नियम असा होता की १० टक्के दरानं हिशोब करून तो हिस्सा निदान २५ टक्के निघाला पाहिजे, २०१८ च्या आकडेवारीपासून पद्धत बदलली पण मूळ कल्पना तीच. हा हिस्सा कशातून येतो? कमी व्याजातून येतो, आणि मुदतीतून येतो. साधं करून बघा. १०० रुपये बिनव्याजी दिले आणि १० वर्षांनी एकरकमी परत घ्यायचे ठरले, तर १० टक्के दरानं त्या परतफेडीची आजची किंमत साडेअडतीस रुपये (आज एवढेच १० टक्क्यांनी गुंतवले तरी १० वर्षांनी १०० होतात), म्हणजे बाकीचे साडेएकसष्ट तुम्ही दिल्यासारखेच. तेच १०० रुपये ५० वर्षांनी परत घेतले तर आजची किंमत ८५ पैसे! रक्कम तीच, व्याज तेच, फक्त मुदत लांबवली आणि कर्जाची जवळपास पूर्ण मदत झाली. हे कळलं तेव्हापासून मला वाटतं की अरबांनी एकाच धातूतून हे दोन शब्द काढले त्यात फार मोठी समज आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं जपानी कर्ज बघा, व्याज ०.१ टक्का, मुदत ५० वर्षं, पहिली १५ वर्षं हप्ताच नाही. जपानच्या हिशोबात ती विकास मदत. बदल्यात शिन्कान्सेनचं तंत्रज्ञान जपानचंच घ्यायचं आणि दोन देशांची दोस्ती रुळावर दिसायची.

काही अर्थतज्ज्ञ ठासून सांगतात की परत घ्यायचंय ते कर्ज, त्याला मदत म्हणणं ही दिशाभूल. त्यांनी कृपा करून श्रीलंकेचं २०२२ बघावं. परकीय चलन संपलेलं, इंधन नाही, औषधं नाहीत. भारताने जवळपास ४ अब्ज डॉलरची मदत केली असं आपण म्हणतो, त्यात काय काय होतं? अन्न, औषधं आणि इंधनासाठी सवलतीची कर्जं, रिझर्व्ह बँकेची ४० कोटी डॉलरची चलन अदलाबदल, म्हणजे त्यांचं चलन ठेवून तात्पुरते दिलेले डॉलर, आणि एशियन क्लिअरिंग युनियन या आशियाई देशांच्या आपसातल्या हिशोबाच्या व्यवस्थेमार्फत श्रीलंकेकडून येणं असलेल्या ५० कोटी डॉलरपेक्षा जास्त रकमेला मुदतवाढ. या शेवटच्या बाबीत नवा पैसा एक दिला नाही, फक्त 'आत्ता नको, नंतर द्या' म्हटलं, आणि त्या क्षणी कोलंबोला तीही मोठीच मदत होती. मालदीवचंही तेच. 'इंडिया आउट' म्हणत मुइझ्झू तिथले राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, भारतीय सैनिक मे २०२४ पर्यंत परत पाठवले, आणि त्याच मे महिन्यात भारताने ५ कोटी डॉलरच्या त्यांच्या रोख्यांना एक वर्षाची मुदत वाढवून दिली, सप्टेंबरात आणखी ५ कोटींना. वर्षभराच्या आत भाषा बदलली. जुलै २०२५ मध्ये मोदी मालेला गेले तेव्हा ४,८५० कोटी रुपयांचं नवं कर्ज जाहीर झालं, तेही रुपयांत.

आणि मुदत ज्याच्या हातात त्याच्या हातात दोरी, हे आपल्याला तर चांगलं माहिती पाहिजे. पी.एल. ४८० या अमेरिकन कायद्याखाली आलेला गहू. त्याला सगळे अमेरिकन मदत म्हणायचे, कागदावर ती विक्री होती, किंमत रुपयांत आणि ते रुपये भारतातच अमेरिकेच्या खात्यात साचत जायचे. १९६५-६६ मध्ये पाऊस गेला, गव्हाची नड सगळ्यात मोठी, तेव्हा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी काय केलं, तर गहू बंद नाही केला, मुदत आखूड केली. लांब पल्ल्याचा करार नाही, थोड्या थोड्या काळापुरतं धान्य मोजून सोडायचं, दिल्ली व्हिएतनामवर काय बोलते आणि शेतीचं धोरण कसं बदलते ते बघत. या धोरणाचं नावच 'शॉर्ट टेदर', आखूड दावं. मदत तीच, फक्त मुदत काढून घेतली आणि मदतीचं दडपण झालं. ज्यांना वाटतं मी दोन शब्दांचं नातं ओढूनताणून लावतोय त्यांनी ही दोन वर्षं वाचावीत. पुढे १९७४ मध्ये त्या साचलेल्या रुपयांपैकी १,६६४ कोटींचा चेक अमेरिकेच्या राजदूतांनी भारताला परत दिला, तोवर आपण मदत कुणाकडून आणि कुठल्या अटींवर घ्यायची याबद्दल फार हळवे झालो होतो, आणि माझ्या मते २००३ च्या बजेटात छोट्या देणाऱ्या देशांची मदत नको असं जे सांगितलं गेलं त्याचं मूळ इथे आहे.

तेव्हा बातमी लिहिणाऱ्यांनी मदत हा शब्द जरूर वापरावा, पण पुढे दोन गोष्टी लिहाव्यात, अनुदान किती आणि कर्ज असेल तर मुदत किती. आणि 'लाइन ऑफ क्रेडिट'ला 'पतरेषा' म्हणू नका, ती कुणालाच कळत नाही. सवलतीचं कर्ज म्हणा, नाहीतर कर्जमर्यादा, आणि जागा असेल तर हेही लिहा की आपल्या एक्झिम (निर्यात-आयात) बँकेमार्फत जाणाऱ्या अशा कर्जात साधारण ७५ टक्के माल आणि सेवा भारताकडूनच घ्यायची अट असते.

राहिलं 'परकीय मदत'. मराठीत परकीय मदत म्हणजे परक्यांनी आपल्याला केलेली मदत, जशी परकीय गुंतवणूक, परकीय आक्रमण. आपण भूतानला देतो ती परकीय नाही, आपलीच आहे. 'भारताची परकीय मदत वाढली' असं लिहिलं की वाचणाऱ्याला कळतच नाही पैसे आले का गेले. गेले असतील तर 'परदेशांना दिलेली मदत' लिहा, चार अक्षरं जास्त जातील. दोन्ही एकाच वाक्यात बसवून बघायचं असेल तर २००४ ची त्सुनामी घ्या: भारताने तेव्हा परकीय मदत नाकारली आणि त्याच आठवड्यात श्रीलंका, मालदीव आणि इंडोनेशियाला मदत पाठवली.