वाईत रोज घडतं तरी काय, आणि ते कळतं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बारा वर्षं पुण्यात काढली, आता काम घरूनच असतं, म्हणून वाईत भाड्याने घर घ्यायचा विचार आहे. पण एवढ्याशा गावात रोज घडतं तरी काय, ते कळतं कुठून, आणि कंटाळा येत नाही का?

कंटाळा येईल की नाही ते मला सांगता येणार नाही. वैताग मात्र येईल, आणि तो कशाचा येईल तेच सांगतो.

मी वाईचाच. स्टँडपासून पाच मिनिटांवर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, एकोणीस वर्षं झाली. गावातला कागद न् कागद कधी ना कधी माझ्या काचेवर पडतो. सातबारा, वारसनोंदीचा अर्ज, स्थळासाठी केलेला बायोडाटा, दवाखान्याची फाइल, कोर्टाची नोटीस. कागद काचेवर पालथा ठेवायचा असतो, पण ठेवताना आणि उचलताना डोळा जातोच. मी बोलत नाही. बोललो असतो तर शटर कधीच खाली आलं असतं. पण गिऱ्हाईकच बोलतं. "बघा ना काका, दिरानं कसं केलं," असं म्हणून एखादी बाई नोटीस माझ्यापुढे धरते, आणि मागे उभे असलेले तिघं माना पुढे काढून वाचतात. तिथून पुढे ती बातमी माझ्या हातात राहत नाही.

गावातली सगळ्यात मोठी बातमी म्हणजे कोण गेलं. सकाळी सातच्या सुमारास भोंगा लावलेली रिक्षा फिरायला लागली की गल्लीतला मिक्सर बंद होतो. "कळविण्यास अत्यंत दुःख होते की..." इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. नाव येईपर्यंत बायका दारात, पुरुष ब्रश तोंडात धरून गॅलरीत. नाव, वय, मग अंत्ययात्रा किती वाजता. ही वेळ नीट ऐकायची. मातीला जाता आलं नाही तर सावडायला जायचं, तेही जमलं नाही तर दहाव्याच्या आत घरी जाऊन दहा मिनिटं बसून यायचं. चहा घ्यायचा नाही, पाणी चालतं. हे कुणी लिहून दिलेलं नाही, पण कोण आलं नाही ते त्या घरात पक्कं लक्षात राहतं.

मी एकदा चुकलो. दहावीनंतरच्या प्रवेशाचे दिवस होते, दुकानात दाखल्यांची रांग लागलेली, आणि मागच्या आळीतले एक म्हातारे गृहस्थ गेले. म्हटलं संध्याकाळी जाऊ. संध्याकाळचं उद्या झालं, उद्याचं राहूनच गेलं. कुणी काही बोललं नाही. वर्षभराने त्यांच्या नातीच्या लग्नाच्या पत्रिका माझ्याकडे न येता दुसरीकडून छापून आल्या. पत्रिका द्यायला मात्र घरचे दोघं आले, हळदी-कुंकू लावून दिली, "सगळ्यांनी यायचं बरं का" म्हणाले. मी पत्रिकेचा कागद बोटांनी चाचपला. माझ्याकडच्या कागदापेक्षा हलका होता. तेवढंच एक समाधान.

पुण्यात "मला कळलंच नाही" म्हटलं की सुटका होते. इथे रिक्षा फिरलेली असते, चौकातल्या फळ्यावर नाव असतं, वरून चार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हात जोडलेले असतात. कळलं नाही असं म्हणायची सोयच नाही. कळलं की जावं लागतं, आणि तुमच्यासारख्या माणसाला सुरुवातीला हेच जड जाईल असं वाटतं.

उलट बाजूही सांगतो. मागच्या वर्षी मी एका लॅबमध्ये रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट संध्याकाळी मिळणार होता. दुपारी किराणा आणायला गेलो, यादीत साखर दोन किलो. दुकानदाराने तराजूत एकच किलो टाकली. म्हटलं, दोन सांगितली. तो वर न बघता पुडा बांधत म्हणाला, "असू द्या, एकच न्या. वहिनींना सांगा, चहात गूळसुद्धा नको." लॅबमध्ये बाटल्यांवर नावं चिकटवणारा पोरगा त्याच्या बहिणीचा मुलगा. माझी साखर 210 आहे हे मला त्या वाण्याकडून कळलं. मी लॅबमध्ये जाऊन भांडलो, त्यांनी पोराला झापलं. हे चूकच आहे, आणि त्याचं कौतुक करणारी माणसं मला आवडत नाहीत. तरी खरं सांगायचं तर त्या दिवसापासून तो वाणी मला दर महिन्याला विचारतो, किती आली? माझा पोरगा पुण्यात असतो, तो विचारतो दिवाळीला.

पावसाळ्यात बातमी कृष्णा नदीची असते. धोम धरण इथून आठ-दहा किलोमीटरवर, वरच्या अंगाला. पाणी सोडणार असले की सावध राहण्याची सूचना येते, पण किती क्युसेक सोडलं यावरून गावाला काही उमजत नाही. गावाचं माप वेगळं. "गणपतीच्या पायऱ्यांना लागलं का?" ढोल्या गणपतीचं देऊळ 1762 साली गणपतराव रास्त्यांनी अगदी घाटावर बांधलं, आणि मागची भिंत माशाच्या आकाराची ठेवली, म्हणजे पुराचं पाणी तिच्यावर आदळून दोन्ही बाजूंना फुटावं. पाणी वाढलं की निम्मं गाव छत्र्या घेऊन तिथे हजर. हवामानखात्यापेक्षा तिथले म्हातारे जास्त खात्रीने सांगतात आणि तितक्याच वेळा चुकतात.

मग थंडी सरता सरता कृष्णाबाईचा उत्सव. सात घाट, प्रत्येक घाटाचे आपले दिवस, सुरुवात भीमकुंड आळीपासून. त्या दिवसांत "काय चाललंय?" याचं उत्तर "आज कुठल्या घाटावर जेवण आहे" एवढंच असतं. आमटी कुठल्या आळीची चांगली यावर मी जाहीर मत देणार नाही, मला इथेच धंदा करायचा आहे. उत्सवाच्या पावत्या आणि कार्यक्रमपत्रिका माझ्याकडेच होतात, म्हणून कीर्तनकार कोण येणार ते मला आठ दिवस आधी कळतं. एवढाच काय तो मान. होळी झाली की शेजारच्या बावधनचा बगाड्या, म्हणजे यात्रेत बगाडाच्या लाकडी रथावर उंच टांगला जाणारा माणूस, कोण होणार याची चर्चा सुरू होते. भैरवनाथाला कौल लावून तो ठरतो, आणि ठरल्यावर नाव वाईत पोचायला मोबाइलच्या आधीपासूनच फार वेळ लागत नव्हता. रंगपंचमीला बगाड निघतं, त्या दिवशी दुकान उघडून उपयोग नसतो.

शूटिंग ही इथे बातमी नाही. मेणवलीच्या घाटावर इतके नट येऊन गेले की पोरं आता सेल्फीलाही धावत नाहीत. शूटिंगसाठी रस्ता बंद आहे, ही बातमी. शनिवार-रविवारी तर पाचगणी-महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या गावातूनच पसरणीच्या घाटाकडे चढतात, तेव्हा आम्ही भाजीसुद्धा शुक्रवारी आणून ठेवतो. तुम्ही आजवर त्या गाड्यांतून आला असाल. आता खिडकीच्या या बाजूला यायचंय, तर राग येणार हे धरून चाला.

एक गंमत बघा. मराठी विश्वकोशाचं काम याच गावात झालं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक, पहिला खंड 1976 साली निघाला, पुढे वीस झाले. अख्ख्या जगाची माहिती अकारविल्हे लावणारी माणसं याच बाजारात पिशवी घेऊन भाजी घ्यायची. पण कोणाच्या मुलाने नोकरी सोडली आणि का, याची नोंद हवी असेल तर सकाळी दूधवाल्याकडेच जावं लागतं. त्याच्याकडे परिशिष्टासकट असते.

व्हॉट्सअ‍ॅप आल्यापासून एकच बिघडलं. पूर्वी अफवेला पाय होते, ती चालत यायची, वाटेत कुणीतरी थांबवून विचारायचं, "कोण म्हणालं?" आता ती उडत येते. दोन वर्षांपूर्वी पाणी दोन दिवस येणार नाही असा मेसेज आला, सगळ्यांनी घरातली पातेलीसुद्धा भरून ठेवली. मेसेज दुसऱ्याच गावचा होता. पण त्या दिवशी एकदम सगळ्यांनी नळ सोडल्यामुळे वरच्या आळ्यांना खरंच पाणी पोचलं नाही, आणि मेसेज टाकणारा अजून म्हणतो, बघा, मी सांगितलं होतं.

आता तुमच्या कामाचं. इंटरनेट चालतं, पण वीज जाते, बॅटरीची सोय करा. पुणं नव्वदेक किलोमीटर, सुरूर फाट्याला हायवे गाठला की झालं. घर आळीत मिळालं तर बघा, बाहेरच्या नव्या सोसायटीत राहून तुम्हाला पुणंच मिळेल, फक्त मॉल नसलेलं. आळीत राहिलात तर पहिल्या आठवड्यात तीन प्रश्न येतील: आडनाव, मूळ गाव, आणि मुलं किती. लग्न झालं नसेल तर चौथाही येईल. उत्तरं एकदाच, खरी आणि सगळ्यांना सारखी द्या. मी बघितलंय, एका भाडेकरूने दोघांना दोन गावं सांगितली, तर तो जाईपर्यंत लोक त्याच्याकडे संशयाने बघत होते. बिचाऱ्याचं एक गाव आईकडचं होतं.

भाडेकराराच्या प्रती काढायला माझ्याकडे याच. घर कुठल्या आळीत ठरलं आणि डिपॉझिट किती दिलं ते मला तोवर कळलेलं असेल, पण तुमच्या तोंडून ऐकल्यासारखं करीन.